स्वयंपाकघराच्या दाराजवळची टेप

२ फेब्रुवारी, रविवार

दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दात ठीक आहेत. रविवारी दुपारी त्यांच्या घरी जॅझ ऐकणाऱ्यांची बैठक असते, तिला आज पहिल्यांदा गेले.

ह्याला कारण माझीच जीभ. मागच्या महिन्यात दाढ भरताना त्यांनी दवाखान्यात पियानो, बास आणि ड्रम अशा तिघांचं एक रेकॉर्डिंग लावलं होतं. तोंडात कापूस, नळी आणि त्यांची दोन बोटं. कापूस निघाल्या निघाल्या मी म्हटलं, "ह्यातला बासवाला जेवायला गेलाय का?" मग निघालं सगळं. स्टेशनसमोरच्या हॉटेलच्या तळघरात दर शनिवारी संध्याकाळी जे तिघं वाजवायचे, त्यातले बास, म्हणजे ते माणसाएवढं उभं तंतुवाद्य, वाजवणारे म्हणजे आमचे हे, असं कळल्यावर डॉक्टरांनी मला खुर्चीतून उठायला हात दिला. जसं काही मीच वाजवत होते.

त्यांच्या घरातले स्पीकर फ्रीजएवढे आहेत. वायरी बागेतल्या पाइपासारख्या जाड, आणि त्या जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली लाकडाचे ठोकळे. मी एक वायर ओलांडली तेव्हा डॉक्टरांनी श्वास रोखून धरला. खोलीच्या बरोबर मध्ये एकच खुर्ची. खरा आवाज म्हणे फक्त तिथेच येतो. सगळे आळीपाळीने त्या सिंहासनावर बसतात, बाकीचे तोवर भिंतीकडेला खोट्या आवाजात बसून असतात.

भांडतात मात्र खरं. इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांचं म्हणणं, लोकांसमोर वाजवलेलं असेल तर लोक ऐकू आले पाहिजेत. खोकला, ग्लासांची किणकिण, सगळं.

"सर, मला पियानो ऐकायचाय. लोकांचं सर्दीपडसं नाही."

"मग कपाटात बसून वाजवलेलं ऐका की डॉक्टर. तिथे कोणी खोकत नाही."

ह्या मंडळींना आता तळघरातल्या त्रिकुटाची एक तबकडी काढायची आहे. रेडिओवाल्यांनी एकदा समोरून रेकॉर्ड करून नेलं होतं, ते लावलं. पियानो सुरेख. ड्रमवर फिरणारे ब्रश तर कोणी शेजारी बसून कागदावर हात फिरवावा इतके जवळ. आणि ह्यांचा बास म्हणजे फ्रीज. चालू असताना कळत नाही, थांबला की कळतं. एका ठिकाणी ह्यांची एकट्याची पाळी येते, तर तिथे नेमक्या लोकांच्या गप्पा सुरू होतात. सर म्हणाले, "वहिनी, हे जगभर असंच असतं. बास एकटा वाजायला लागला की लोकांना एकमेकांशी बोलायचं आठवतं." ह्यांना ते ठाऊक होतं. म्हणायचे, माझ्या वाजवण्यात किती जणांची लग्नं ठरली असतील, मोजदाद नाही.

मी सिंहासनावर बसून कान लावून ऐकलं. मला हवं होतं ते नव्हतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

काय हवं होतं ते इथे लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

हे वाजवताना गुणगुणायचे. तोंड मिटून, खालच्या सुरात, बोटं जातील तिथे मागोमाग. त्यांचं त्यांना कळत नसे. घरीही तेच. दाढी करताना, कपाटात काही शोधताना, बुटाची नाडी बांधताना. मी शिवणयंत्रावर बसलेली असले की यंत्राच्या सुरात सूर लावायचे. कितीदा ओरडले असेन, "अहो, पुरे करा आता, माझी शिवण वाकडी जातेय." शाळेत चाळीस पोरींचा कलकलाट ऐकून आलेल्या बाईला घरात शांतता हवी असते. आता आहे शांतता. सहा वर्षं झाली, भरपूर आहे.

ह्यांचा चेहरा आठवतो, सगळे शर्ट आठवतात, कोणत्या शर्टाचं कोणतं बटण मी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने लावलं तेही आठवतं. तो सूर आठवत नाही. आठवायला जाते तर माझाच सूर लागतो. ह्यांचा आवाज कुठेही साठवलेला नाही, आमच्या घरात तशी हौस कोणाला नव्हती. बास उभा असायचा त्या कोपऱ्यात मी इस्त्रीचं टेबल लावलंय. कोपरा भरला आहे, असं आपलं म्हणायचं.

मुलीचा फोन आला होता. म्हणाली, "आई, बाहेर पडायला लागलीस, बरं झालं." तिला वाटतं मी मन रमवायला जाते. मी हरवलेली वस्तू शोधायला जाते. मला एकदा, फक्त एकदा, ती गुणगुण ऐकायची आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज लिफ्टवाले आले. त्यांना मी विसरलेच होते.

हा माणूस शहरभर लिफ्ट दुरुस्त करायचा आणि शनिवारी तळघरात आपलं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन यायचा. सरांनी त्यांना कुठूनसं शोधून काढलं. त्यांच्याकडच्या बहुतेक टेपा ओलीने गेल्या. एक उरली आहे, तळघर बंद झालं त्या शेवटच्या शनिवारची.

फार बदललेले नाहीत. बारीक, नीट भांग, शर्टाच्या खिशात पाना नसला तरी असल्यासारखा हात तिथे जातो. मला बघून उभे राहिले आणि म्हणाले, "बऱ्या आहात ना." बस्स. वहिनी नाही, काही नाही. पूर्वीही असंच. पियानोवाले भाऊजी, ड्रमवाले भाऊजी, हॉटेलचा मॅनेजरसुद्धा वहिनी वहिनी करायचा. हा एकटा मला कसलीही हाक न मारता बोलायचा. कसं जमवायचा कोण जाणे, पण त्याला हवं ते मला विचारून व्हायचं आणि हाक राहून जायची. मग मीही त्याला कधी भाऊजी म्हटलं नाही. आपण कशाला वाकायचं.

आमच्या ह्यांनी किती वेळा घरी बोलावलं, लिफ्टवाले एकदाही आले नाहीत. ह्यांच्या शेवटच्या दिवशी मात्र आले होते, फाटकाशी उभे राहिले आणि आत न येता गेले. माझा पक्का समज आहे की ह्यांचं आणि त्यांचं कधीतरी वाजलं होतं. ह्यांना विचारलं की नुसतं हसायचे.

टेप चिकट झाली आहे. तशीच लावली तर वरचा थर सुटून येईल आणि आवाज त्याच्याबरोबर जाईल. मंद उष्णतेवर काही तास भाजली तर एकदोनदा वाजते, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "माझ्या दवाखान्यात अवजारं सुकवायचं कपाट आहे, त्यात ठेवू." म्हणजे ज्या कपाटातून दाढा उपटायचे चिमटे निघतात त्यातून आता आमचे हे निघणार.

लिफ्टवाल्यांनी टेप डॉक्टरांच्या हातात दिली आणि क्षणभर सोडलीच नाही. डॉक्टरांना ओढावी लागली. मला हसू आलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टेप निघाली, नक्कल झाली, सगळं सुखरूप आहे, असा डॉक्टरांचा फोन. "वहिनी, बास असा आलाय ना! थोडी साफसफाई करतो आणि रविवारी ऐकवतो." 

दुपारभर कशातच लक्ष लागलं नाही. शेजारणीचा परकर शिवायला घेतला होता, तो उलटा जोडला आणि उसवत बसले.

१६ फेब्रुवारी, रविवार

नाही.

बास आहे. इतका स्वच्छ मी समोर बसूनसुद्धा कधी ऐकला नव्हता. तारेवरून बोट सरकतं ते ऐकू येतं. बुटाचा तळ सुटलेला होता तो जमिनीवर आपटतो, तेही. त्या बुटावरून आमचं भांडण झालेलं मला आठवतं. ह्यांची एकट्याची पाळी येते तेव्हा गप्पा नाहीत, लोक कुठेतरी लांब आहेत. डॉक्टर, सर, सगळे पुतळ्यासारखे बसून. पण गुणगुण नाही. शेवटचा संथ तुकडा, जो ते दर शनिवारी निघायच्या आधी वाजवायचे, त्यात तर ती असायलाच हवी होती. दोनदा ऐकला.

आता वाटतं, तळघरात गुणगुणत नसतीलच. मीच घरातलं तिथे नेऊन ठेवलं. इतक्या वर्षांनी माणूस काय काय जोडतो.

बैठकीत एक तमाशा झाला तो लिहिते. डॉक्टर फुशारकीने सांगत होते की टेपमध्ये दोन चुका होत्या, त्यांनी सुधारल्या. एक म्हणजे वायरिंगची घूं घूं होती, ती काढून टाकली. दुसरी म्हणजे डावं-उजवं उलटं झालं होतं.

"वहिनी, तुम्ही समोर बसायचात. ड्रम कोणत्या हाताला?"

"उजव्या. पियानो डावीकडे, हे मध्ये."

"बघा! आणि टेपवर ड्रम डावीकडे. म्हणजे साहेबांनी वायरी उलट्या खोचल्या होत्या." सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, "लिफ्टच्या वायरी अशाच जोडायचात का? वरचं बटण दाबलं की माणूस तळघरात!"

लिफ्टवाले म्हणाले, "चुकलं असेल."

तेवढंच. जन्मभर वायरी जोडलेला माणूस, निदान वाद तरी घालेल की नाही? सर तर एवढ्या तेवढ्यावरून टेबल बडवतात. हे आपले शांत, हातात कपबशी. मला उगीचच वाईट वाटलं.

पण निघताना जिन्यात त्यांनी मला गाठलं. मी डोळे पुसत होते, म्हटलं कुठून कडमडले आत्ताच.

"एक सांगायचं होतं. डॉक्टरांनी काढलेली ती घूं घूं. ती एकदा ऐका."

"वायरिंगची ना ती?"

"माझं यंत्र घूं घूं करत नव्हतं." एवढं ठामपणे ह्या माणसाला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. गुडघे गेलेत बिचाऱ्यांचे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच जाऊन दारात उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय का वहिनी?" म्हटलं, "हो. ती न धुतलेली टेप लावा."

त्यांनी रोग्याच्या खुर्चीत बसवलं आणि कानांवर ते मोठे हेडफोन चढवले. शेवटचा संथ तुकडा. पियानो कुठेतरी गोधडीखाली, ड्रम उलट्या बाजूला, आणि मग बासच्या मागोमाग ती घूं घूं.

आधी छातीत कळलं, मग डोक्यात. वर जाताना थोडी मागे राहते. खाली येताना आधी पोचते. एका ठिकाणी श्वास संपतो, तुटते, आणि नाकाने श्वास घेऊन पुन्हा सुरू. कपाटात काही शोधताना अगदी अशीच तुटायची.

डॉक्टर समजावत होते, "ही बघा, ही विजेची..."

"डॉक्टर, ही वीज नाही. हा माझा नवरा आहे."

त्यांनी एक हेडफोन आपल्या कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. मग आरशाचं ते दातातलं छोटं अवजार हातात घेऊन उगीच पुसत राहिले. म्हणाले, "सुरात आहे हो. वीज कशी सुरात असेल. मी गाढव आहे." बाहेर दोन रोगी गाल धरून बसले होते, त्यांना थांबवून मला पुन्हा पहिल्यापासून लावून दिलं. चांगला माणूस आहे. नुसते कान महाग आहेत.

मी खूप रडले. दाताच्या खुर्चीत रडणाऱ्या बाईचं कोणाला नवल वाटत नाही, ही एक सोय.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज खडाजंगी. डॉक्टरांना अजूनही तबकडीवर रेडिओवाल्यांचाच पियानो हवा आहे, निदान बास इकडचा आणि पियानो तिकडचा असं शिवून घ्यावं म्हणतात. मी म्हटलं, "चाळीस वर्षं शिवण शिकवलंय. दोन वेगवेगळ्या दिवसांचं कापड जोडलं की धुतल्यावर आक्रसतं." सरांनी टाळी वाजवली. शेवटी ठरलं, लिफ्टवाल्यांची टेप, जशीच्या तशी, गुणगुणीसकट. फक्त डावं-उजवं मात्र नीट करायचं, एवढी एक चूक लोकांसमोर नको, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांना पटलं. लिफ्टवाले आज आलेच नव्हते.

मग ती अख्खी टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग लावली. सिंहासन मला. डोळे मिटून ऐकत होते आणि काहीतरी खटकत होतं. दर थोड्या वेळाने एक दार धप् करून हलतं, अगदी कानाजवळ. ताटं वाजतात. ते झुलतं दार मला चांगलं माहीत आहे, तळघरातलं स्वयंपाकघराचं. ते ह्यांच्या पाठीमागे होतं. मग लोक लांब का, हे कळलं. टाळ्या वाद्यांच्या पलीकडून येतात. लिफ्टवाल्यांनी वायरी उलट्या खोचल्या नव्हत्या. ते स्वतःच उलट्या बाजूला बसले होते, वाजवणाऱ्यांच्या मागे, दारापाशी. तिथून ड्रम डावीकडेच येणार.

मी हे बोलून दाखवलं तसे सर उडालेच. डॉक्टर म्हणाले, "पण पियानोच्या मागे बसून कोणी रेकॉर्डिंग करतं का? पियानोचं झाकण लोकांकडे उघडतं. तिथे आवाजच जात नाही!" बरोबर आहे त्यांचं. बावळटपणाच तो. पण त्या बावळटपणामुळे मला माझी गुणगुण मिळाली, तेव्हा मी काय नावं ठेवणार.

आणखी एक. टेपवर मी आहे. लांबून, पण शब्द न् शब्द. प्रत्येक तुकडा संपला की माझं "वा!" सगळ्यांच्या आधी. मॅनेजरला म्हणते, "ह्यांना पाणी द्या हो आधी." एकदा कशाला तरी खदाखदा हसते. इतकी मोठ्याने हसायचे मी? मला तर शरमल्यासारखं झालं. एक माइक बासपाशी आहे आणि दुसरा माझ्यावर रोखल्यासारखा. सगळ्यात शेवटी, वाजवणं संपल्यावर मी म्हणते, "चला हो, घरी." मग बासला खोळ चढते, खुर्च्या सरकतात, आमची पावलं जिन्यावरून वर जातात, माझ्या चपला आणि ह्यांचा तो सुटलेला तळ. वरचं दार लागतं. आणि तरी टेप चालूच. काही नाही तिच्यात, नुसतं रिकामं तळघर. रीळ संपेपर्यंत. टेपा महाग असायच्या तेव्हा, आणि हा माणूस शांतता रेकॉर्ड करत बसला.

म्हटलं, डॉक्टर, माझी बडबड आणि शेवटचं रिकामं काढून टाका. डॉक्टर म्हणाले, टेप ज्यांची त्यांना विचारा. आता मी कात्री लावायला घाबरतो.

२ मार्च, रविवार

बैठकीला न जाता लिफ्टवाल्यांकडे गेले. चौथा मजला, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दार उघडल्यावर धापा टाकत मी पहिलं तेच म्हटलं. ते हसले. "दिवसभर वरखाली केल्यावर घरी जिनाच बरा वाटायचा. आता नाही वाटत." पुतण्याकडे राहायला जाणार आहेत, पुढच्या महिन्यात, गाडीने रात्रभराच्या अंतरावर. खोलीत खोकी बांधलेली. एकट्याचं घर, एक ताट, एक खुर्ची. मला खुर्ची देऊन स्वतः खोक्यावर बसले.

मी सरळ विचारलं. "मागे का बसायचात? पियानोचं झाकण लोकांकडे उघडतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"प्लग तिथे होता. स्वयंपाकघराच्या दारापाशी."

"प्लग माझ्या टेबलाखाली पण होता. दिव्याचा. ह्यांचा पाय त्या वायरीत दर शनिवारी अडकायचा. मी एकटीच असायचे टेबलावर, तुम्ही खुशाल येऊन बसला असतात, समोरून छान रेकॉर्ड झालं असतं."

"हो," ते म्हणाले, "बसता आलं असतं."

मग खोक्याची दोरी सोडली आणि परत बांधली. मला जरा रागच आला, म्हटलं हा माणूस विचारलेल्याचं उत्तर म्हणून देत नाही. मग माझी बडबड काढून टाकायचा विषय काढला. लोक पियानो ऐकायला तबकडी घेणार, त्यात एका बाईचं "पाणी द्या हो" कशाला?

"तेवढं राहू द्या."

"आणि शेवटचं ते रिकामं?"

"ते हवं तर काढा. तुम्ही गेल्यावरचं आहे ते."

"आणि डावं-उजवं?"

ह्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "डॉक्टर म्हणतात तसं करा. चूक म्हणूनच असू द्या ती. काही बिघडत नाही."

पण मला ते पटेना. चूक नसताना माणसाने चूक का पत्करायची? म्हटलं, "नाही. जसं आहे तसंच ठेवायला सांगते. तुम्ही होतात तिथूनच लोक ऐकू देत." तर ते उठले आणि पाणी आणायला आत गेले, आणि बराच वेळ आलेच नाहीत. नळ तर वाहत नव्हता.

निघताना जिन्यापर्यंत आले. "घरी ऐकाल तेव्हा स्पीकरच्या पलीकडे एक रिकामी खुर्ची ठेवा. भिंतीशी, तुमच्याकडे तोंड करून."

"ती कशाला?"

"अंतर कळतं."

ही सगळी मंडळी एकाच माळेचे मणी. एकाला वायरीखाली ठोकळे लागतात, एकाला पलीकडे खुर्ची.

२९ मार्च, शनिवार

लिफ्टवाले गेले. सरांकडून कळलं. सर स्टेशनवर सोडायला गेले होते. मला कोणी सांगितलंच नाही, नाहीतर मीही गेले असते. पुतण्याचा नंबर सरांनी दिला आहे.

२७ एप्रिल, रविवार

तबकडी आली. मुलीने मागे घेऊन दिलेलं यंत्र आहे, दोन छोटे स्पीकर. ते मी इस्त्रीचं टेबल हलवून बासच्या कोपऱ्यात लावले. डॉक्टर बघतील तर त्यांना चक्कर येईल. दुपारची वेळ, दार लावून घेतलं.

खुर्चीचं आठवलं. म्हटलं सांगितलंय तर करून बघू, शिवणयंत्राची खुर्ची उचलून स्पीकरच्या पलीकडे भिंतीशी ठेवली, माझ्याकडे तोंड करून. मनात वाटलं, ह्यांच्यासाठी ठेवायला सांगितली असेल. रिकामी खुर्ची म्हटलं की मला दुसरं कोण सुचणार.

लावली. मधोमध हे. गुणगुण आली, तीच, मागे राहणारी आणि आधी पोचणारी. मी डोळे मिटून घेतले, पोटभर ऐकलं. आता ती पुन्हा हरवणार नाही, एवढं एक माझं झालं. हे माझ्याकडे पाठ करून उभे आहेत हे दिसावं इतकं स्पष्ट. खांदे हलतात, बूट आपटतो. मागे माझ्या कानाशी दार झुलतं.

मग तुकडा संपला आणि "वा!" आलं. डोळे उघडले तर ते बरोबर त्या खुर्चीतून आलं होतं.

ह्यांच्या खुर्चीतून नव्हे. ती ह्यांची नव्हतीच. ती माझी. "ह्यांना पाणी द्या हो आधी," खुर्ची म्हणाली. मग खदाखदा हसली. मी स्वयंपाकघराच्या दारापाशी बसले होते, आणि ह्यांच्या खांद्यावरून मला सरळ समोर ते टेबल दिसत होतं, दिव्याच्या उजेडातलं. हसणारी, एवढ्या मोठ्याने बोलणारी, डोळे भरून वाजवणाऱ्याकडे बघणारी एक बाई. तिने एकदाही मान किंचित वर करून दाराकडे बघितलेलं मला आठवत नाही. कशाला बघेल? तिचं माणूस मध्ये उभं होतं.

पियानो तिथे ऐकू येत नाही हे लिफ्टवाल्यांना माहीत होतं. दर शनिवारी माहीत होतं.

"चला हो, घरी." खोळ, खुर्च्या, चपला, सुटलेला तळ, वरचं दार. मग ते रिकामं आलं. मी काढायला सांगितलं होतं, डॉक्टर विसरले किंवा सरांनी काढू दिलं नसेल. मी उठले नाही. शेवटपर्यंत बसून ऐकलं. त्यात काही नाही असं मी लिहिलं होतं, ते चूक आहे. त्यात एका माणसाचा श्वास आहे, माइकच्या अगदी जवळ.

हे हसायचे, लिफ्टवाले घरी का येत नाहीत म्हणून मी विचारलं की. ह्यांना ठाऊक असणार.

संध्याकाळी सरांनी दिलेला नंबर काढून फोनपाशी बसले. तबकडी आली एवढंच सांगायचं, छान आली म्हणायचं. तीनदा नंबर फिरवायला घेतला आणि ठेवला. पुतण्या उचलेल, म्हणेल, कोण बोलतंय? ते सांगता येईल. पण मग ते स्वतः फोनवर येतील, आणि त्यांना हाक मारावी लागेल. जन्मभर जो नवऱ्याचा मित्र दिसेल त्याला भाऊजी म्हणत आले. त्यांना नाही म्हटलं, आणि आता इतक्या उशिरा म्हणवत नाही.

उद्या करेन. हाक न मारताच बोलेन. त्यांना जमायचं, मलाही जमेल.